हवा खायची कुणी?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतल्या गटाची महिन्याची बैठक होती. बचतीचा हिशेब झाला, रेशनकार्डाच्या रखडलेल्या अर्जांचं झालं, एकीला नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं तिच्यासाठी पुढे काय करायचं ते ठरलं. उठता उठता मी सवयीने विचारलं, "आणखी कुणाला काही?" तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली एक जण म्हणाली, "ताई, एकदा कुठंतरी हिंडवून आणा की. बावीस वर्षं झाली पुण्यात, शनवारवाडा आतनं बघितला नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि म्हणाले, "अगं, आधी कामाचं बोलू या."

घरी येताना माझं ते वाक्य मलाच टोचायला लागलं. ही बाई शनिवार पेठेतल्या चार घरी धुणंभांडी करते. त्यातल्या एका घराच्या गॅलरीतून वाड्याचा तट दिसतो. बावीस वर्षं ती त्या तटाकडे बघत दुसऱ्यांचे कपडे वाळत घालते आहे. आणि मी? निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी पर्वती चढते. कशाला, तर पाय मोकळे करायला. मला कुणी विचारत नाही, की बाई, हे कामाचं आहे का?

म्हणून पुढच्याच महिन्यात आम्ही सतरा जणी निघालो. त्या एका दिवसात जे कळलं, ते सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. आपल्या संघटनांशी थोडं भांडायचंही आहे, आणि त्यात मी स्वतःही आले.

दुपारची सुट्टी आणि बंद बाग

पहिला प्रश्न वेळेचा. घरकाम करणाऱ्या बायकांना मोकळा वेळ मिळतो तो दुपारी दोन ते चार-साडेचार. सकाळची कामं संपलेली असतात, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. आणि शहरातल्या बहुतेक बागा नेमक्या तेव्हा बंद असतात! सकाळी उघडतात फिरायला जाणाऱ्यांसाठी, संध्याकाळी उघडतात नोकरीवरून परतणाऱ्यांसाठी. या वेळा ठरवताना त्यांच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईचा दिवस कुणाच्या डोळ्यांपुढे आला असेल का? झाडाची सावली सगळ्यात जास्त लागते ती मे महिन्याच्या दुपारी, आणि तेव्हाच फाटकाला कुलूप.

शेवटी सगळ्यांनी एका दिवसाचा संध्याकाळचा खाडा केला. एकीच्या मालकिणीने त्या दिवसाचे पैसे कापले. म्हणजे वाड्याच्या तिकिटावर तिचं आणखी एक तिकीट लागलं.

वाड्यात मी मास्तरकी केलीच. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. आता उरलेत तट, जोती, कारंज्याचे हौद आणि दरवाजे. दरवाजे पाच. अंबारीसकट हत्ती जाईल एवढा दिल्ली दरवाजा. गणेश दरवाजा, ज्यातून वाड्यातल्या स्त्रिया कसबा गणपतीच्या दर्शनाला जात असं सांगतात. मस्तानीच्या नावाचा दरवाजा वेगळा. खिडकी दरवाजा आणखी एक. आणि शेवटचा जांभूळ दरवाजा. १७७३ साली नारायणरावाचा खून झाल्यावर त्याचं प्रेत तिकडून नेलं, म्हणून पुढे तो नारायण दरवाजा झाला. पण मुळात ती वाट बटकी-कुणबिणींच्या जाण्यायेण्याची, असं सांगतात.

एवढं बोलून मी पुढे निघाले, तर एक जण तिथेच उभी. म्हणाली, "म्हंजे कामवालीचं दार तवापण वेगळंच होतं." आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुठल्या सोसायटीत कामवाल्यांची लिफ्ट वेगळी, कुठे चप्पल खालीच काढायला लावतात, कुठे चहाचा कप निराळा. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य काढलं. तो धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हता. आणि राण्यांना तरी काय मिळालं होतं? दार होतं, पण बाहेर पडायचं कारण देवळाचंच लागायचं.

"मोर्चा आहे का?"

तिथून बस पकडून एका बागेत गेलो. बागेचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट हीच. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "एवढ्या बायका कशाला आल्या? मोर्चा आहे का?" आम्ही म्हणालो, बसायला आलो. त्याला ते पटेना. "कुणाबरोबर आलात?" एकमेकींबरोबर. तेही पटेना.

सतरा बायका एकत्र दिसल्या तर लोकांना दोनच गोष्टी सुचतात, हळदीकुंकू किंवा मोर्चा. बायका नुसत्या गवतावर पाय पसरून बसतील, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. त्याच बागेत पुरुष पेपर वाचत होते, पत्ते कुटत होते, एक गृहस्थ तर तोंडावर टोपी घेऊन ढाराढूर झोपले होते. त्यांना कुणी विचारलं नसणार, की कशाला आलात आणि कुणाबरोबर?

बागेत बायकांचा संडास होता. त्याला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे, तो नव्हता. तेव्हा कळलं, की आमच्यातल्या दोघी सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. का, तर बाहेर जायचं, मग जायचं कुठे? भर उन्हाळ्यात, पुण्यातला पारा चाळिशीला टेकलेला असताना, बायका तहान मारून घराबाहेर पडतात, आणि याला आपण सवय म्हणतो! मुंबईत २०११ पासून कार्यकर्त्या 'राइट टू पी' या नावाने याच गोष्टीसाठी भांडल्या. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना तिथेच पैसे, हे त्यांनी चव्हाट्यावर आणलं. तेव्हा आपल्यातल्याच काही जणींनी नाकं मुरडली होती, ही काय मागणी झाली म्हणून. त्या बंद कुलपापुढे मला ती नाकं आठवली. त्यात माझंही होतं.

तरीही त्या तासाभराचं वर्णन कसं करू? एकीने चप्पल काढून गवतावर पाय ठेवले आणि कितीतरी वेळ ती बोललीच नाही. दोघी झोक्यावर बसल्या. कैरीला तिखटमीठ लावून खाल्लं. कुणी कुणाच्या दुःखाची कहाणी सांगितली नाही. आमच्या गटाच्या अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

क्षुल्लक कारण

घरी गेल्यावर दोघींना बोलणी बसली आणि एकीला मार बसला. "कुठं उंडारायला गेली होतीस?" असं विचारून.

ती दुसऱ्या दिवशी केंद्रावर आली. मी नोंदवही काढली. आमच्या वहीत एक रकाना आहे, 'मारहाणीचं कारण'. मी हात आपोआप चालवला आणि लिहिलं, 'क्षुल्लक कारणावरून'. मग थांबले. तिला म्हणाले, "मी नेलं नसतं तर बरं झालं असतं का गं?" ती म्हणाली, "ताई, मार तर भाजी अळणी झाली तरी बसतो. या टायमाला निदान शनवारवाडा बघून बसला."

मी ते शब्द खोडले आणि लिहिलं, 'बागेत गेली म्हणून'. खोडलेले शब्द अजून दिसतात. दिसू देत.

कारण ते क्षुल्लक नाही. आपली भाषाच बघा ना. पुरुष बाहेर पडला, की तो फेरफटका मारतो, पाय मोकळे करतो, हवा खातो, गावात चक्कर टाकून येतो. बाई बाहेर पडली, की ती उंडारते, भटकते, वेशीवरची पोरं मोजते. तिला भटकभवानी म्हणायचं, गावभवानी म्हणायचं. बाईच्या विनाकारण बाहेर असण्याला मराठीत एक तरी बरा शब्द आहे का? मी शोधला, मला सापडला नाही.

आणि उन्हाळ्यात बाहेर असणं ही चैन आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात एक रात्र पत्र्याच्या खोलीत काढावी. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो. त्यात स्टो किंवा गॅस, त्यात पोळ्या. पुरुष चटई उचलून बाहेर जातात. पारावर, गल्लीत, रिक्षात, मंडळाच्या शेडमध्ये झोपतात. बायका आणि पोरी दाराला कडी लावून आत. पुण्याची उन्हाळी संध्याकाळ, सात वाजता सुटणारा तो वारा, त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं आहे. पण तो वारा ज्यांच्या अंगाला लागतो, ते कोण आणि चुलीपाशी कोण? हवेचा हा वाटा कुणी ठरवला?

सण बायकांचे, रस्ता कुणाचा?

कुणी म्हणेल, असं कसं? उन्हाळ्यात तर बायकांचे किती सण! आहेत ना. चैत्रगौर बसते, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत हळदीकुंकवं चालतात. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. मला पन्हं फार आवडतं. पण हा सण कुठे होतो? घरात. झोपाळ्यावर कोण बसतं? गौर! बायका डाळ वाटतात. आणि विधवेला त्यातही वर्षानुवर्षं जागा नव्हती. आजही किती घरांत आहे, ते आपण आपल्याच गल्लीत बघावं.

पाडव्याच्या शोभायात्रेत आता बायका नऊवारी नेसून, फेटे बांधून मोटारसायकली चालवतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात, 'स्त्रीशक्ती' म्हणून. त्या मुलींवर माझा राग नाही. गाडीवर बसल्यावरचा त्यांचा आनंद खरा असतो. माझा प्रश्न त्या फोटोला टाळ्या देणाऱ्यांना आहे. हीच मुलगी साध्या कपड्यांत, फेट्याशिवाय, रात्री साडेनऊला एकटी नदीकाठच्या कट्ट्यावर बसली तर तुम्ही काय म्हणाल? वर्षातली एक सकाळ, ठरलेला वेष, ठरलेला रस्ता, दोन्ही बाजूंना बघे. बाईने रस्त्यावर यायचं ते दिसायला. बघायला यायचं नाही.

११ एप्रिलला फुलेवाड्यावर आणि १४ एप्रिलला स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी मात्र वेगळं चित्र मी पाहते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया लेकरंबाळं घेऊन, डबे घेऊन येतात, रात्री उशिरापर्यंत थांबतात, पुस्तकांच्या स्टॉलवर वाकून बघतात. तिथे डीजेचा दणदणाट आहे, तरुण पोरांची दादागिरीही आहे, त्याबद्दल त्या बायका स्वतः बोलतात. पण या शहराच्या उन्हाळ्यात बायका आपला हक्क म्हणून रस्त्यावर रात्र काढताना मला तिथे दिसतात. तो हक्क कुणी बक्षीस दिलेला नाही. मी रोज सकाळी जी पर्वती चढते, तिच्यावरच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली दलितांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्यांच्यावर दगड आले. 'मोकळी हवा' कधीच सगळ्यांना मोकळी नव्हती, हे त्या पायऱ्यांना ठाऊक आहे.

मग ज्येष्ठात पालख्या येतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका शेतातली, घरातली कामं मागे टाकून तीन आठवडे चालतात. त्यांना कुणी भटकभवानी म्हणत नाही, कारण विठ्ठलाचं निमित्त आहे. देवाचं निमित्त, लेकरांचं निमित्त, दवाखान्याचं निमित्त. निमित्ताशिवाय बाई बाहेर दिसली, की तिची चौकशी सुरू.

या शहराला हे नवं नाही

१८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या शिकवण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण शेण आणि दगड पडले ते कुठे? रस्त्यावर. वर्गात बसलेल्या बाईआधी लोकांना खुपली ती रस्त्याने चालणारी बाई. दुसरं लुगडं बरोबर घेऊन त्या रोज त्याच रस्त्याने गेल्या. तो वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. स्मारक जरूर व्हावं. पण त्या वाड्यासमोरचा रस्ता बाईला निर्धास्त होणं, हे स्मारक कोण बांधणार?

१८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्या सभांना जायला लागल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून काय काय ऐकावं लागलं, ते रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यांच्या यजमानांनी, न्यायमूर्ती रानड्यांनी, १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला पुण्याच्या उन्हाळ्याचं भूषण. माझे वडील दर वर्षी जात. परत आले, की जेवता जेवता आईला सांगत, आज कोण काय बोललं. आई वाढता वाढता ऐकायची. तिला सगळं पाठ असायचं. ती एकदाही गेली नाही, कारण व्याख्यानाची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ एकच होती. वडील वाईट नव्हते. तिला 'ये' म्हणायचे. कुकर कोण लावेल, हे मात्र कधी म्हणाले नाहीत.

आणि हे फक्त आईच्या काळातलं नाही. केंद्र सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत २०१९ साली असं आढळलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. यातही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच ही सरासरी. जे हातच लावत नाहीत ते धरलेले नाहीत! २०२४ साली पुन्हा मोजलं, तर बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ. म्हणजे आपलं ओझं त्यांनी उचललेलं नाही. या दहा मिनिटांत कुठली बाग गाठायची?

आपण काय मागितलं?

आता आपलं भांडण. आपण वर्षानुवर्षं 'सुरक्षितता' मागितली. डिसेंबर २०१२ नंतर तर देशभर मागितली. मिळालं काय? कॅमेरे, कुंपणं, लवकर बंद होणारी फाटकं, बाकावरच्या जोडप्यांना हुसकावणारे शिपाई, आणि वसतिगृहाच्या मुलींना आणखी अर्धा तास अलीकडची वेळ. बाईला सुरक्षित ठेवायचं तर तिला आत ठेवा, हा त्यांचा जुनाच उपाय; आपल्या मागणीने त्याला नवा शिक्का दिला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हेच मांडलं, की बाईला काही कारण नसताना शहरात रेंगाळण्याचा हक्क हवा. मी तेव्हा ते पुस्तक चाळून बाजूला ठेवलं होतं. हे शिकलेल्या मुंबईकरणींचं खूळ, आपल्या वस्तीतल्या बायकांचे प्रश्न वेगळे, असं म्हणून.

वस्तीतल्या बाईनेच मला खोटं ठरवलं. गरीब बाईला फक्त दुःखच असतं, हे आपण ठरवून टाकलं होतं. तिच्यासाठी आपण मोर्चे काढले, शिबिरं घेतली, अर्ज लिहिले. ते करायलाच हवं होतं. पण तिला मौज हवी असेल, हे आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कधी आलं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा किती विनोद झाले आठवा. बायका उगाच हिंडायला लागल्या, घरं ओस पडली! आपण उत्तर काय दिलं? "नाही हो, त्या कामालाच जातात." कशाला दिलं हे उत्तर? "हो, हिंडतात. तुम्ही नाही हिंडलात?" असं का नाही विचारलं?

तेव्हा मागणी स्पष्ट करू या. बागा दुपारी उघड्या हव्यात. बायकांच्या संडासाला कुलूप नको, पाणी आणि दिवा हवा, आणि तो फुकट हवा. नदीकाठी, टेकडीच्या पायथ्याशी, चौकांत उजेड हवा, बाकं हवीत, रात्री परत आणणारी बस हवी. वस्तीत उन्हाळ्याच्या रात्री बायकांना उघड्यावर निर्धास्त झोपता येईल, अशी जागा हवी. घरकामगार बायकांना आठवड्याची भरपगारी सुट्टी हवी. आणि घरात? संध्याकाळचा कुकर आठवड्यातून निदान काही दिवस दुसऱ्या हातांनी लागायला हवा. शेवटची मागणी महापालिकेकडे करता येत नाही, म्हणून ती सगळ्यात अवघड.

आमच्या गटाने एक ठरवलं आहे. दर महिन्याच्या एका बैठकीला अजेंडा नाही, नोंदवही नाही, भाषण नाही. बागेत, घाटावर, टेकडीवर, कुठेही जायचं आणि बसायचं. जिला मार बसला होता तिच्या घरी आम्ही सहा जणी जाऊन आलो, नवऱ्याशी बोललो, पोलिसांत अर्जही दिला आहे. तो सुधारला असं मी लिहिणार नाही. पण पुढच्या वेळी निघताना ती आली. पाण्याची बाटली भरून घेऊन आली आणि बसमध्येच निम्मी प्यायली.

तुमच्या गावात, तुमच्या शहरात बायका उन्हाळ्याच्या संध्याकाळी कुठे बसतात? बसतात का? कळवा. आणि तुमच्या केंद्राच्या नोंदवहीतला तो कारणाचा रकाना एकदा उघडून बघा. 'क्षुल्लक' असं किती वेळा लिहिलंय, ते मोजा.